पलीकडं कोण हाय?

वायरचाचा कुणाच्याही घरी आले की राउटरला लगेच हात लावत नसत. आधी पाणी मागत. मग राउटर जिथे असेल तिथे त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालत आणि त्याच्या दिव्यांकडे बघत सावकाश तांब्या रिकामा करत. हिरवा दिवा, तांबडा दिवा, मध्येच विझणारा, पुन्हा लागणारा. घरातली माणसं दाराशी ताटकळत उभी. मी एकदा म्हटलं, "चाचा, सकाळपासून बंद आहे, जरा लवकर बघता का?" त्यांनी मान न वळवताच सांगितलं, "त्याला आधी बोलू द्या, सर. मंग आपुन बोलू." मी शाळेत भूगोल शिकवतो. पोरं उत्तर द्यायला लागली की मध्ये तोंड घालायची माझी जुनी खोड. त्या दिवसापासून ती थोडी कमी झाली.

चाचा नळदुर्गचे. तरुणपणी रेडिओ दुरुस्त करत, मग केबल टीव्हीच्या तारा ओढल्या, आणि तारेतून इंटरनेट यायला लागल्यावर तेही शिकून घेतलं. साठी उलटली होती. केबलवाल्याची आमच्या लोहाऱ्यातली सगळी लाइन त्यांच्या एकट्याच्या अंगावर. सकाळच्या एसटीने यायचे, संध्याकाळी जीपने परत. खांद्याला वायरचं भेंडोळं असे, म्हणून गावाने त्यांचं नाव वायरचाचा ठेवलं. खरं नाव विचारायची कुणाला गरज पडली नाही.

तक्रार घेऊन गेलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "पलीकडं कोण हाय?" म्हणजे नेटवरून कुणाशी बोलायचं आहे, कुणाला बघायचं आहे. आपण स्पीड कमी आहे, रेंज नाही असं काहीतरी सांगत राहायचं आणि ते पुन्हा विचारायचे, "व्हय, पर पलीकडं कोण हाय?" नातवाचं तोंड बघायचं असेल तर त्या घरी आधी जात. नुसतं सिनेमे बघणाऱ्यांना ते खुशाल उद्यावर ढकलत. पेठेतल्या एका दुकानदाराने राउटर लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवला होता, का तर आलेला पाहुणा पासवर्ड मागतो. आणि वर तक्रार, की माडीवर नेट येत नाही. चाचांनी कपाटासमोर बसून आख्खा तांब्या संपवला. "शेठ, ह्या कपाटातनं सोनं कधी आपुन होऊन भाईर आलंय का?" त्यांनी विचारलं. "न्हाय ना? मंग हे कसं यील?" शेटजींनी मुकाट्याने किल्ली काढून दिली.

आमच्याकडे कपाट नव्हतं, पण रुमाल होता. आमच्या भागात घरात नवी वस्तू आली की तिला आधी कपडे शिवतात. टीव्हीला झालर, मिक्सरला टोपडं. माझ्या बायकोने, शैलाने, राउटरला क्रोशाचा रुमाल विणला होता, चारी कोपऱ्यांना मणी लावून. चाचांनी तो दोन्ही हातांनी उचलला, नीट घडी घातली आणि तिच्या हातात देत म्हणाले, "ताई, हातचं काम लई देखणं हाय. पर ह्यो तापतोय. ह्याला वारं लागू द्या." शैला कुणाचं सहसा ऐकून घेत नाही. त्यांचं घेतलं.

आणखी एक सवय. शिडीवर असोत की कुणाच्या ओसरीवर, पंधरा-वीस मिनिटांनी ते खिशातला फोन काढत, त्याच्याकडे क्षणभर बघत आणि परत ठेवत. सहसा बोलत नसत, काही लिहीत नसत. दुपारी सगळा गाव पेंगत असताना मी शाळेच्या खिडकीतून बघायचो. आभाळाला टेकवल्यासारखी शिडी, वर चाचा, आजूबाजूला नुसतं ऊन आणि तारा, आणि त्यांच्या तोंडावर फोनचा एवढासा उजेड. स्कोअर बघत असतील, असं आम्ही समजत होतो. क्रिकेटचं वेड माणसाला कुठेही असतं.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती सुमीमुळे. सुमी माझी धाकटी बहीण. आयर्लंडमध्ये नर्स आहे. आई गेली तेव्हा तिला येता आलं नाही, आणि त्यानंतर आम्हा दोघांचं फोनवरचं बोलणं आटून गेलं. जेवलीस का, थंडी आहे का, बरं ठेवतो. दोघांनाही जे बोलायचं होतं ते तोंडाशी येऊन परत जाई. पुढच्या दिवाळीला ती आली ती टीव्हीला जोडायचा खेळाचा कन्सोल घेऊनच. त्यावर शेतीचा एक खेळ होता. परदेशातलं शेत, धुकं, दोन ट्रॅक्टर. कानाला हेडफोन लावायचा, एकाने नांगरायचं, दुसऱ्याने पेरायचं. "दादा, फोनवर आपल्याला बोलता येत नाही," निघताना ती म्हणाली. "हातात काम असलं की येईल. दर रविवारी, तुझी दुपार आणि माझी सकाळ."

रविवार आला, पण सुमी काही शेतात उतरेना. तिला माझं शेत दिसायचं, फाटकापर्यंत यायची आणि खेळ तिला बाहेर काढायचा. आवाज तर येतच नव्हता. पडद्यावर जोडणीपुढे 'स्ट्रिक्ट', म्हणजे कडक, असा शब्द दिसे. आता हा शब्द मी आयुष्यभर स्वतःबद्दल ऐकत आलोय, पण खेळाच्या डब्याने म्हणावं हे फार झालं. सोलापूरहून सहा शिंगांचा महागडा राउटर आणला, जुन्याला जोडून शेजारी ठेवला. जैसे थे. सलग चार रविवार आम्ही फाटकाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. पाचव्या रविवारी तिचा मेसेज आला, 'राहू दे दादा. नकोच हे.' हा खेळ गेला असता तर बहीणही गेल्यातच जमा होती, हे मला तेव्हा कळत होतं.

चाचांनी विचारलं, "पलीकडं कोण हाय?" मी म्हटलं, "बहीण." खेळासाठी बोलावलं म्हणून ते हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. पाणी प्यायले. दोन राउटर शेजारी शेजारी बघून म्हणाले, "एका घरात दोन कारभारी केलेत, सर. पाव्हणं आलं की ह्यो म्हणतोय त्याला इचारा, त्यो म्हणतोय ह्याला. पाव्हणं बसलं वट्ट्यावर." त्यांनी लॅपटॉपवर जुन्या राउटरच्या आत जाऊन त्याची कारभारकी काढून घेतली. आता त्याने आलेलं सगळं न विचारता पुढे सोडायचं, एवढंच काम. 'स्ट्रिक्ट' जाऊन 'मॉडरेट' झालं. सुमी फाटकाच्या आत आली, पण आवाज नाही. मुक्यासारखी दोन ओळी नांगरून गेली.

पुढच्या खेपेला त्यांनी खेळाच्या आवाजासाठी राउटरमध्ये वेगळी खिडकी उघडून दिली. तरीही नाही. चाचा बराच वेळ दिव्यांकडे बघत बसले आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. "सर, घरातला दोष संपला. आता गोष्ट भाईरची हाय. ह्या समद्या आळीला मिळून नेटवर एकच पत्ता हाय. तुमी हाक मारली तर जाती. पर ताईंनी तिकडनं मारली की आळीच्या तोंडाशी यिऊन थांबती. कुणाच्या दारात जावं, तिला कळत न्हाय." मग स्वतंत्र पत्ता कुठे मिळतो, मी विचारलं. मोजकेच आहेत, ते म्हणाले, दवाखान्याला, पेट्रोलपंपाला दिलेले, आता शिल्लक नाहीत. तांब्या खाली ठेवून ते गेले. रेखांशाच्या पंधरा अंशांना एक तास हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवतोय, आणि बहिणीची हाक माझ्याच आळीच्या तोंडाशी अडली होती.

त्यानंतर चाचा दोन आठवडे लोहाऱ्याला आलेच नाहीत. गावात कळलं की त्यांची बायको वारली. आले तेव्हा दाढी वाढलेली, खांद्यावरचं भेंडोळं तेच. आमच्याकडे महिनाभराने आले आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "एक पत्ता मोकळा झालाय, सर. तुमच्या लाइनवर टाकलाय." मला वाटलं, कुठल्यातरी दुकानाने सोडला असेल. त्यांच्या दुःखात मी माझं कुठे विचारत बसू, म्हणून विचारलं नाही.

त्या रविवारी पडद्यावर 'ओपन' आलं. धुक्यातून एक ट्रॅक्टर माझ्या शेताकडे वळला आणि कानात खरखर झाली. "दादा? ऐकू येतंय का रे?" "येतंय," मी म्हटलं. मग आम्ही कामाला लागलो. ती पुढे नांगरत होती, मी मागून पेरत होतो. शैला शेंगा निवडत बसली होती. बाहेर दुपार, पडद्यावर सकाळ. तिसऱ्या ओळीला सुमी म्हणाली, "आई शेवटी काय म्हणाली रे?"

वर्षाहून जास्त काळ मी या प्रश्नापासून पळत होतो. समोर बसली असती तर तेव्हाही पळालो असतो. पण डोळे पेरणीच्या ओळीवर होते, ओळ सरळ ठेवायची होती, आणि मी सांगून टाकलं. सोलापूरच्या दवाखान्यात अशीच दुपार होती. मी फोन हातात घेतला तर आई म्हणाली, "सुमीला उठवू नको. रातपाळी करून आत्ताच पडली आसंल." मी तिचं ऐकलं. सुमी उठेपर्यंत आई गेली होती. "मी तुला फोन करायला हवा होता, सुमे," मी म्हटलं. "माझं चुकलं."

तिचा ट्रॅक्टर चालत राहिला, शेत संपलं, बांध ओलांडला आणि कुंपणाला जाऊन टेकला. मग तिच्या रडण्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट, शेजारच्या खोलीतून यावा तसा. बऱ्याच वेळाने म्हणाली, "झोपले नव्हते रे मी. नुसती पडून होते. तिला माझ्या झोपेचंच पडलं होतं." आणि मग, "दादा, ट्रॅक्टर अडकलाय. काढ ना." मी गेलो आणि काढला.

वर्षभराने चाचांनी काम सोडलं. लेक गुलबर्ग्याला असते, तिच्याकडे निघाले. निरोप घ्यायला आले तेव्हाही राउटरसमोर बसून पाणी प्यायले. शैलाने तोच क्रोशाचा रुमाल धुऊन, इस्त्री करून त्यांना दिला. "ह्याच्यात काय झाकू, ताई?" ते म्हणाले आणि तो खिशात नीट ठेवला. त्यांचा फोन त्या खिशात असायचा. तो त्यांनी तासाभरात एकदाही काढून बघितला नव्हता, हे ते गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. शिडीवरही कितीतरी दिवसांत काढला नव्हता.

त्यांच्या जागी आलेला माणूस गेल्या महिन्यात वायर बदलायला आला आणि लॅपटॉप बघून थबकला. "सर, तुमच्याकडं हा पत्ता कसा? ह्यो तर चाचांच्या नळदुर्गच्या घरचा हाय." मग त्याने सांगितलं. चाचांच्या बायकोला शेवटची काही वर्षं काही आठवत नसे. घर, रस्ता, माणसं, सगळं विसरत चाललेल्या. चाचांनी अंगणात कॅमेरा लावला होता आणि तो लोहाऱ्यातून दिसावा म्हणून केबलवाल्या मालकाने त्यांच्या जुन्या नोकरीकडे बघून एक स्वतंत्र पत्ता दिला होता. त्या दिवसभर अंगणात बाजेवर बसलेल्या असायच्या. चाचा शिडीवरून बघायचे. बाज रिकामी दिसली की शेजारणीला फोन करायचे. आणि आम्ही म्हणायचो, स्कोअर बघतात.

मी गुलबर्ग्याला फोन लावला. तुम्ही सांगितलं का नाहीत, असं जरा रागानेच विचारलं. चाचा हसल्यासारखे झाले. "म्या चाळीस दिवस बघितलं, सर. नुसती बाज दिसायची. म्हटलं, इथं आता पलीकडं कोण न्हाय. तुमच्याकडं हाय." मग त्यांनी विचारलं, "ताई बोलत्यात का?"

"बोलते," मी म्हटलं. "दर रविवारी."

"मंग झालं," ते म्हणाले.

परवाच्या रविवारी मी हे सगळं सुमीला सांगितलं. ती नांगरता नांगरता थांबली. खेळात आमच्या शेताला लागून एक घर आहे, पुढे अंगण आहे, आम्ही तिकडे कधी फिरकलो नव्हतो. सुमीने ट्रॅक्टर तिथे नेला. बाज त्या खेळात मिळत नाही, म्हणून तिने एक लाकडी बाक घेतला आणि अंगणात झाडाखाली ठेवला. धुकं निवळत होतं. आम्ही दोघं आपापले ट्रॅक्टर बंद करून बराच वेळ त्या रिकाम्या बाकाकडे बघत राहिलो.

"दादा, आहेस ना?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हणालो.