पाळकाचा सिनेमा, पाळकाशिवाय

इथे आखातात, अल रय्यानमधल्या आमच्या ऑफिसात सिनेमांच्या जाहिरातीचं काम चालतं. एकदा मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "आपल्यात ख्रिश्चन कोण आहे?" हॉलिवूडचा एक विनोदी सिनेमा यायचा होता आणि तो इथल्या ख्रिस्ती लोकांच्या गळ्यात मारायचा होता. मी हात वर केला.

साहेब हसले. "मॅडम, मी सीरियसली विचारतोय."

साहेब लेबनॉनचे. दर वर्षी ते मला दिवाळीच्या शुभेच्छा देत आणि दर वर्षी मी त्यांना सांगे की आम्ही ख्रिस्ती आहोत, नगर जिल्ह्यातले, पणजोबांपासूनचे. पण माझं आडनाव अस्सल मराठी, गळ्यात मंगळसूत्र, डब्यात भाकरी. "पण तुम्ही तर मराठी," असं ते समजुतीच्या सुरात म्हणत. एका माणसाला एकच काहीतरी असायची परवानगी आहे अशी त्यांची समजूत होती.

नेमकं त्याच आठवड्यात माझ्या लेकीलाही शाळेत कोणीतरी हेच ऐकवलं. ती तेरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. अझीझियाच्या आमच्या फ्लॅटमध्ये शिरून तिने दप्तर फेकलं आणि म्हणाली, "मम्मा, आर वी लाइक, अ‍ॅक्चुअल ख्रिश्चन्स?" पुढच्या शुक्रवारी ती आमच्या मराठी उपासनेला आलीच नाही. तबला, टाळ आणि हात जोडून "जय ख्रिस्त, ताई" म्हणणारी माणसं, हे सगळं तिला नकली वाटायला लागलं होतं. साहेबांनी मला खोटं ठरवलं तर ठरवू देत, पगाराशी मतलब. पण पोटच्या पोरीचं काय करायचं? मी साहेबांना म्हटलं, "हा सिनेमा मला द्या. आमच्या चर्चची मंडळी हॉल भरेल."

मग कामाला लागले. हॉलिवूडच्या कंपनीकडून पोस्टर आलं: "रविवारची प्रार्थना आटोपून सहकुटुंब या!" इथे रविवारी सगळे ऑफिसात असतात आणि प्रार्थना शुक्रवारी होते, हे मी साहेबांना समजावलं. ते म्हणाले, "रविवार हा शब्द ख्रिश्चनांना आवडतो, असं त्यांनी कळवलंय." शेवटी "शुक्रवारची रविवारची प्रार्थना" असं छापायचं ठरत होतं, ते मी कसंबसं हाणून पाडलं. पोस्टरवर हात पसरलेला पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होता आणि त्याच्या मागे क्रूस. इथे तो चारचौघांत लावता येत नाही, म्हणून क्रूस काढला, मग पाळकाची पांढरी कॉलरही झाकली. उरला तो नुसता हात पसरून उभा असलेला माणूस, विमानतळावर झडतीला उभा राहावा तसा.

पण खरी गंमत सिनेमातच होती. गोष्ट अशी, की एका पाळकाच्या घरी त्याचा बेवडा मेहुणा राहायला येतो आणि चर्चमध्ये धुमाकूळ घालतो. कंपनीने ख्रिस्ती कुटुंबांसाठी म्हणून खास स्वच्छ आवृत्ती पाठवली होती. तीत दारू नव्हती, शिव्या नव्हत्या, मेहुण्याची मैत्रीण नव्हती. ती आवृत्ती इकडे आली, आणि इकडच्या नियमांप्रमाणे चर्च, प्रार्थना आणि प्रवचन निघालं. पाप तिकडे कापलं, पुण्य इकडे. जे उरलं ते आम्ही दाखवणार होतो.

शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये आमच्या मंडळीशिवाय कोणी नव्हतं. मल्याळी आणि फिलिपिनो ख्रिस्ती लोकांनी पोस्टर पाहूनच ओळखलं असावं. आमची माणसं मात्र उपासनेच्या कपड्यांत आली. लांबच्या दुखानहून फिटर, क्रेनवाले, ड्रायव्हर गाड्या भरभरून आले, कारण ताईचा सिनेमा. लेकीला मी पॉपकॉर्नचं आमिष दाखवून आणलं होतं आणि ती सगळ्यांपासून एक खुर्ची सोडून बसली.

सिनेमा सुरू झाला. एक माणूस बॅग घेऊन दारातून आत आला. दुसऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. कुत्रा भुंकला. गाडी सुरू झाली, गाडी थांबली. पहिल्याने गवत कापलं. मग एकदम दोघं गळ्यात पडून रडायला लागले. कशासाठी, ते प्रभूलाच ठाऊक.

"आता चर्च येईल बघ," माझ्या मागचे मामा कोणाला तरी धीर देत होते. मामा म्हणजे आमच्यातले सगळ्यात वयस्कर फिटर. चर्च काही आलं नाही. पण एकही माणूस उठला नाही. कुत्रा दिसला की सगळे मन लावून हसायचे, कारण हसण्याजोगं तेवढंच होतं, आणि ताईचं नाव राखायचं होतं. मध्येच लेक खुदकन हसली. वळून पाहते तर ती मधली खुर्ची ओलांडून मामांच्या बायकोशेजारी बसलेली, आणि दोघी तोंडावर हात धरून गदगदत होत्या.

बाहेर साहेब उभे होते. त्यांनी मामांना सिनेमा कसा वाटला विचारलं. मामा हिंदीत सुरुवात करून थेट नगरी बोलीवर आले, "अच्छा था, साहेब. कुत्रं लई गुणाचं हाय."

मंडळी पांगल्यावर साहेब मला म्हणाले, "छान माणसं आहेत, मॅडम. पण पुढच्या वेळी खरे ख्रिश्चन आणा."

माझं डोकं सणकलं. नोकरी गेली तरी चालेल म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या बाजूने आवाज आला. लेक पॉपकॉर्नचा रिकामा डबा धरून उभी होती.

"अंकल, वी सॅट टिल दि एंड. हू एल्स वुड?"

साहेब काय म्हणाले ते मला ऐकूच आलं नाही. ती 'वी' म्हणाली होती. मला तिथेच, तिकीट खिडकीसमोर, रडू फुटलं. साहेबांना वाटलं सिनेमा मला भिडला. त्यांनी कंपनीला तसं लगेच कळवूनही टाकलं.