अप्पांचे दात आणि माळवद

भूकंपानंतर लातुरात सगळेच काही महिने भिंतींना घाबरून राहिले, पण आमचे शेजारी अप्पा जन्मभर घाबरले. मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. उंच, कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरं धोतर आणि हातात काठी. कोणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्याशी थांबत आणि आपण कलिंगड वाजवून बघतो तशी बोटांनी भिंत वाजवत. आवाज मनाला आला तरच आत येत, आणि तरीही खुर्ची दाराजवळच ओढून बसत. एका लग्नात त्यांनी मंगल कार्यालयाचे खांब वाजवले आणि "जेवण बाहेर मांडवात द्या" असं यजमानांना सांगितलं. निम्मी पंगत त्यांच्यामागे उठून गेली.

भूकंपात त्यांचं गाव गेलं, बहीण गेली. लातुरात येऊन त्यांनी क्लासच्या मुलांसाठी खानावळ काढली. तेव्हा आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरावर क्लासची पाटी होती आणि डॉक्टर व्हायला निघालेली मुलं जिन्यांत बसून घोकत असत. अप्पा त्यांना वाढताना म्हणायचे, "खा रे, खा. डोकं लई चालवून राहिले, पोट कोण चालवणार?" स्वतः मात्र भाकरी दुधात कुस्करून खात, कारण हिरड्या सुजलेल्या आणि दात हलायला लागलेले. तक्रार म्हणून नाही, बातमी सांगावी तसं ते सांगत, "आज उजवीकडून रक्त आलं."

भूकंप गणपती विसर्जनाच्या रात्रीच झाला होता, म्हणून विसर्जनानंतर दरवर्षी ते एसटीने गावच्या फाट्यावर उतरत आणि जुन्या गावठाणापर्यंत पायी जात. तिथे आता नुसत्या बाभळी आहेत. बहिणीचं घर जिथे होतं तिथे थोडा वेळ बसून परत येत. एका वर्षी पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि भरेचना. त्यांना मधुमेह होता, साखर उतरेना. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर अंगठा काढावा लागेल. मग त्यांनी विचारलं, "दातांतून रक्त येतं का?"

अप्पा माझ्याकडे वळले. सोबतीला मीच गेले होते. "वहिनी, जखम पायाला हाय. हे तोंडात काय बघून राहिले?"

प्रश्न वेडगळ नव्हता. हिरड्यांत घाण साचली की तिथे सतत सूज राहते आणि ती सूज तोंडापुरती थांबत नाही. तिचा ताण रक्तातून सगळ्या अंगावर येतो, साखर आवरणं अवघड होतं, आणि वाढलेल्या साखरेने हिरड्या आणखी बिघडतात. त्यावर उपाय साधा होता. कापाकापी नाही, हिरडीखाली जाऊन दातांची मुळं खरवडून साफ करायची.

दातांची डॉक्टर आमच्याच गल्लीतल्या घड्याळवाल्या चाचांची मुलगी. अप्पांनी आधी तिच्या दवाखान्याची भिंत वाजवली, मग खुर्चीत बसले, आणि तिने आरशात दातांवरचं किटण दाखवताच उठून उभे राहिले.

"न्हाई बेटी. दगडामधला चिखल काढला तर भिंत राहती का? त्याच्यावरच तर दात उभे हायेत."

"अप्पा, हा चिखल नाही," ती म्हणाली. "थरावर थर चढून झालेलं ओझं आहे. त्याच्याखाली हिरडी सडून राहिली."

अप्पा बाहेर आले. जिन्यात मधेच थांबले. आमच्याकडे पूर्वी घरांना माळवद असे, लाकडांवर मातीचं सपाट छत. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर मातीचा नवा थर घालत. जुना थर कोणी काढत नसे, आणि भूकंपात तेच ओझं माणसांवर कोसळलं.

"त्या साली बहिणीच्या माळवदावर माती मीच टाकली," ते म्हणाले. "गळतंय म्हणाली. मी म्हणलं, चांगली जाड टाकू."

 मी त्यांची काठी धरली.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच दातांच्या दवाखान्यात गेले आणि म्हणाले, "काढ, बेटी. सगळा थर काढ." दोन-तीन खेपांत काम झालं. थंड पाणी काही दिवस झोंबलं, दातांत फटी दिसू लागल्या, पण रक्त थांबलं. पुढच्या तपासणीत साखर थोडी उतरली होती. फार नाही, थोडी. डॉक्टरांनी सगळं श्रेय दातांना दिलं नाही. गोळ्या, पथ्य आणि पायाची पट्टी चालूच होती. पण जखम भरू लागली आणि अंगठा वाचला.

त्या वर्षी विसर्जनानंतर अप्पा फाट्यावर उतरले, तेव्हा मीही सोबत होते. बाभळींपर्यंत ते न थांबता चालले. खाली बसून त्यांनी पिशवीतून भाकरी काढली, या वेळी दूध न आणता, आणि सावकाश चावून खाल्ली. मग जमिनीकडे बघत बहिणीला म्हणाले, "ताई, आता हलकं हाय."

अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या खेपेला तुमच्या नव्या घरात शिरताना मी दारात थांबून भिंत वाजवली, तेव्हा तुम्ही दोघं खूप हसलात. मी काही सांगितलं नाही. आवाज चांगला होता, म्हणून आत आले.