तोंड हुंगायची सवय

आमच्या दारासमोर ताडीचं दुकान होतं. ठाण्यात टेंभी नाक्यामागच्या त्या आळीत मिठागरावरून सुटलेली माणसं संध्याकाळी तिथे बसत आणि रोज एखादं तरी डोकं फुटे. तेरा-चौदा वर्षांची पोरंही मडक्याचा तळ चाटू लागली होती. मी कचेरीत कारकून. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, पदरात एकुलता मुलगा. घरी आलो की आधी त्याचं तोंड हुंगायचो.

अशात वसईकडच्या एका म्हाताऱ्या कुंभाराने शेजारची रिकामी पडवी घेतली आणि आळीतल्या पोरांना माती देऊन हवं ते घडवायला बसवलं. फी नाही, मार नाही. फक्त पिऊन यायचं नाही. माझा मुलगाही जाऊ लागला. मला तिथेच खटकलं. फुकट कोण कुणाची पोरं सांभाळतो? त्यातून माणूस वसईचा, किरिस्तावांच्या मुलखातला. पाव चारून पोरं बाटवत असला तर? मी ताडीबरोबर पावाचाही वास शोधू लागलो.

एकदा त्याला तोंडावरच विचारलं, "यात तुझा फायदा काय रे?"

"हात मातीन गुतले का ताडीच्या मडक्याकडं जात नाय, रावसाहेब."

उत्तर इतकं सरळ होतं की माझा संशय आणखी वाढला.

आणि एके दिवशी मुलाच्या अंथरुणाखाली मातीची बाई सापडली. डोक्यावर पदर, मांडीवर मूल. फिरंग्यांच्या देवळात अशीच असते! मी ती भिंतीवर आपटली.

"बाबा, अहो ती..." मुलगा म्हणाला. मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. आळीभर बोंब मारली. आठ दिवसांत पडवी ओस पडली आणि म्हातारा आपलं चाक गाडीत घालून निघून गेला.

त्याच दुपारी केर काढताना कोपऱ्यात त्या बाईचं डोकं मिळालं. डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. जड कुड्यांनी माझ्या बायकोची फाटली होती, अगदी तशी. पोराच्या ते ध्यानात होतं आणि मला माझीच बायको ओळखता आली नव्हती. मला स्वतःची शिसारी आली. तो आला की त्याची माफी मागायची, म्हाताऱ्यालाही शोधून आणायचं, असं ठरवून मी ते डोकं मुठीत धरून दारात बसलो.

दिवे लागल्यावर तो आला. मी काही बोलायच्या आत माझ्यासमोर उभा राहिला आणि रोजच्यासारखं तोंड उघडलं.

"हुंगा," तो म्हणाला.

ताडीचा भपका आला.