पगारेबाईंनी चहा सोडला तेव्हा

आमच्या ऑफिसातल्या पगारेबाई चहाला कधी नाही म्हणाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. सकाळी आल्याआल्या एक, साहेबांनी बोलावलं की जाण्याआधी एक आणि साहेब बोलले की परत आल्यावर एक. पिण्याची रीतही ठरलेली. चहा बशीत ओतायचा, डोळे मिटायचे आणि अख्ख्या सेक्शनला ऐकू जाईल असा भुरका मारायचा. मी नवीन होते आणि मला त्या भुरक्याचा भयंकर राग यायचा. एकदा धीर करून म्हटलं, "बाई, जरा हळू प्याल का?" तर म्हणाल्या, "अगं नलिनी, देणाऱ्याला कळायला नको का, की पोचला म्हणून?"

आमचं काम म्हणजे माणसं मोजायची. सरकारला कुठलीही योजना सुचली की आधी विचारणा येई, अशी घरं नाशकात किती? सगळं शहर पालथं घालायला माणसं नाहीत आणि वेळ तर त्याहून नाही. मग चार वस्त्या निवडायच्या, त्यातलं दर चौथं घर बघायचं आणि बाकीचा अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षा. पगारेबाईंची त्यावर पुस्ती असे, "शीत नुसतं वरचं घेऊ नये. तळाचं करपलेलंही काढून बघावं." हे त्या मला इतक्या वेळा ऐकवत की मी मनातल्या मनात त्यांच्याआधी वाक्य पूर्ण करायची.

फिरतीवर बाई बरोबर असल्या की माझे हाल. प्रत्येक घरी चहा. संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात आग पडलेली आणि बाई ताज्यातवान्या. एकदा बसमध्ये मी वैतागून बोललेच, "एखाद्या घरी नको म्हटलं तर काय बिघडतं?" बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "लहानपणी आमच्या गावात मला चहा ओट्याखाली मिळायचा. फुटक्या कानाच्या कपात. कप विसळून मीच कोनाड्यात ठेवायचा. आता कुणी घरात बसवून चहा देतंय, तर मी नको म्हणू? तू म्हण, तुला परवडतं." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून शेंगदाणे काढले आणि अर्धे माझ्या हातावर ठेवले. त्यानंतर मी मुकाट्याने चहा पीत गेले.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. थंडीच्या तोंडावर वरून विचारणा आली. ज्या गरीब घरांत चुलीशिवाय दुसरं काही नाही, त्यांना स्टोव्ह आणि स्वस्त रॉकेल द्यायचं होतं. ज्या वस्तीत अशी घरं निम्म्याहून जास्त, ती वस्ती योजनेत. बाकीच्यांनी धूर खावा. फॉर्मवर शेवटी दोनच शब्द, पात्र आणि अपात्र. एकावर फुली मारायची.

पेठ रोडच्या बाजूला डोंगरातल्या माणसांची वस्ती होती. पेठ-सुरगाण्याकडून मजुरीला आलेली, द्राक्षबागांत राबणारी माणसं. कुडाच्या भिंती, वर जुने पत्रे. पहिल्याच घरी हिराबाई भेटली. कडेवर तान्हं पोर, त्याचे डोळे लाल, नाक वाहतंय. हिराबाई एक वाक्य बोलायची आणि दोनदा खोकायची. मी मनात म्हटलं, ही पात्र नाही तर कोण पात्र? तेवढ्यात तिने आतून चकचकीत पितळी स्टोव्ह आणून मध्ये मांडला.

"स्टोव्ह आहे तुमच्याकडे?" मी विचारलं.

"हाय ना. आमचाच हाय. बसा बाई, च्या टाकते."

झालं. मी फुली मारली, अपात्र. पुढच्या घरी गेलो, तिथेही स्टोव्ह. त्याच्या पुढच्या घरीही. माझा जीव चडफडत होता. मला वाटलं होतं वस्ती भुकेकंगाल असेल, इथे तर घरोघरी पितळ चमकतंय. बाई मात्र भुरके मारत होत्या. चौथ्या घरी बशी तोंडाशी नेता नेता त्या थबकल्या.

बाहेर आल्यावर माझा दंड धरून त्यांनी मला चिंचेखाली नेलं. "नलिनी, थंड स्टोव्ह पेटवताना आधी काय करतात?"

"काकडा लावतात. बर्नर तापवतात."

"आता या बाईने लावला?"

मी आठवून पाहिलं. लावला नव्हता. दोन-चार पंप मारले आणि स्टोव्ह भरभर पेटला होता. तेवढ्यात घरांच्या मागच्या बाजूने एक पोरगी गोणपाटात काहीतरी गुंडाळून, चटका बसू नये म्हणून हात बदलत बदलत पळताना दिसली. ती आमच्या पुढच्या घरात शिरली.

"आपल्याआधी स्टोव्ह पोचतोय," बाई म्हणाल्या. "वस्तीत एकच असणार. सरकारी पाहुणे आले, त्यांना धुराचा चहा कसा द्यायचा? आणि मी मेली घरोघरी बशा रिकाम्या करतेय. माझ्या चहापायी यांचे सरकारी स्टोव्ह हातचे चालले."

मी लगेच पेन काढलं. "मग खोडते सगळं आणि पात्र करते."

"खबरदार. ती म्हणाली आमचाच हाय. तू तिच्या अंगठ्याच्या वर 'स्टोव्ह नाही' असं लिहिणार? पाहुण्याने यजमानाची उसनवारी ओळखायची नसते."

"मग ओळखू नका. बसू द्या त्यांना खोकत," मी तडकून म्हटलं. मला बाईंचा खरंच संताप आला होता. वस्ती हातची जाणार आणि या पाहुण्यांच्या रीती सांगतायत.

ऑफिसात साहेब म्हणाले, "पगारेबाई, स्टोव्ह दिसला ना? मग अपात्र. मुंबईला आकडे पाठवायचेत."

"दिसला साहेब. सगळीकडे तोच दिसला. मला उद्या पुन्हा जायचंय."

"जीप मिळणार नाही."

"एसटी आहे."

साहेब तसे भले माणूस. त्यांनी कपाळाला हात लावला आणि परवा सकाळपर्यंत थांबतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसला बाई आल्या त्या कपाळाला रुमाल बांधून. उठल्यापासून चहा नाही. "घेतला तर वासाने पुन्हा इच्छा होईल," म्हणाल्या. कंडक्टरने सुटे मागितले तर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. मला म्हणाल्या, "तू आज बोलू नकोस. तुझा आवाज टोचतोय." मी कधी नव्हे ते गप्प बसले.

हिराबाईच्या दारात आम्हाला बघून धावपळ सुरू झाली. एक पोर मागल्या दाराने निघालंच होतं. बाईंनी त्याचा हात धरला. "चहा नको गं माझे बाई. पित्त झालंय, डॉक्टरने बंद केलाय. मला पाणी दे तांब्याभर. आणि थंडी फार वाजतेय, तुझ्या चुलीपाशी बसू दे."

चुलीपाशी बसायचं म्हटल्यावर हिराबाई घुटमळली, मग तिने पाट दिला. बाई पाटावर बसल्या, पाणी प्यायल्या, तेही भुरका मारून. धूर आमच्या डोळ्यांत गेला. बाईंनी फुंकणी घेतली आणि विस्तव फुलवायला लागल्या. लाकूड कुठून आणतेस, पोर रात्रीचं खोकतं का, भाकरी मोडते की टम्म फुगते, असं बोलणं सुरू झालं. बोलता बोलता बाई सहज म्हणाल्या, "भाकरीला काही म्हण, चूलच बरी. स्टोव्हवर चव नाही."

"आमाला काय ठावं बाई? स्टोव्ह तं मुकादमाच्या घरचा," हिराबाई बोलून गेली. आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. बाईही हसल्या. हसता हसता हिराबाईला खोकला आला तो थांबेना. बाईंनी तिची पाठ चोळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नलिनी, बाई स्वतः सांगतायत. लिही. पात्र."

दिवसभर आम्ही त्या सगळ्या घरांच्या चुलींपाशी बसलो आणि प्रत्येक घरी बाई पाणी प्यायल्या. कुठल्याच घराला त्यांनी कोरडं ठेवलं नाही. परत येताना सीबीएस स्टँडवर उतरल्या त्या थेट टपरीवर गेल्या आणि दोन कप एका बशीत ओतता येतात का ते बघू लागल्या.

वस्ती योजनेत आली. आमचा शहराचा अंदाजही वाढला, कारण बाईंनी साहेबांना मुदत वाढवून घ्यायला आणि बाकीच्या वस्त्यांतही पुन्हा पाणी पिऊन यायला लावलं. स्टोव्ह आले, पण सरकारी चालीने, थंडी सरल्यावर. मला त्याचा अजून राग आहे. बाई म्हणाल्या, "पुढची थंडी येईलच की."

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची शेवटची भेट मला जशीच्या तशी आठवते. रिटायर होऊन त्या नाशिकरोडला कॉलनीत एकट्याच राहत होत्या, मुलगा मनमाडला रेल्वेत, पेन्शन अजून कागदांत अडकलेली. मी न कळवता गेले. बाई वाळल्या होत्या, पण मला बघून उजळल्या. "बस, चहा टाकते," म्हणून आत गेल्या. मागचं दार वाजलं. शेजारणीशी काहीतरी कुजबुज झाली. मग पंपाचे दोन-चार फटके आणि एकदम स्टोव्हची भरभर.

काकडा लावलाच नव्हता.

मी बाहेरून हाक मारली, "बाई, चहा नको. पित्त झालंय, डॉक्टरने बंद केलाय. पाणी द्या तांब्याभर."

आत स्टोव्ह तेवढा वाजत राहिला. मग बाई दारात आल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांना दाराची चौकट धरावी लागली, डोळे पदराने पुसावे लागले. माझेही डोळे भरले आणि या वेळी घरात धूर नव्हता.

"मुकाट्याने चहा पी," त्या म्हणाल्या, "आणि लिहून टाक."

"काय लिहू, बाई?"

"पात्र."

मी बशीत चहा ओतला, डोळे मिटले आणि शेजारणीला ऐकू जाईल असा भुरका मारला.