दोन उलांड्या आणि फणसाची फळी

नवऱ्याने स्वतः बांधलेल्या होडीतून समुद्रात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत होतं आणि ते मी त्याला तीन वर्षं येता-जाता ऐकवलं होतं. पण यंदा, २००९ च्या जानेवारीत सुधीरने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि विचारलं, "देवगड ते वेंगुर्ला. येतेस?" मी मुकाट्याने हो म्हटलं. कारण सांगते. कंपनी बंद पडल्यापासून हा माणूस मिटूनच गेला होता. बोलणं नाही, धड जेवण नाही. पार्किंगमध्ये फायबरच्या दोन चौदा फुटी होड्या आडव्या नळ्यांनी जोडून, वर शीड चढवून त्याने ही कॅटामरान उभी केली. त्या कामात असायचा तेवढाच वेळ तो माझा जुना सुधीर असायचा. खडकवासल्याला ती झकास चालली होती. आता समुद्र.

जाणार असाल तर कोल्हापूर, गगनबावडा, तळेरे या रस्त्याने जा. घाट सुरेख आहे, पण टेम्पोवर चौदा फुटी होडी असेल तर दर वळणावर देव आठवतो. आमचा ड्रायव्हर देवाऐवजी आमचीच आठवण काढत होता, आणि तीही शिव्यांसकट. रात्री जामसंड्याला सुधीरच्या मित्राकडे मुक्काम, सकाळी उकड्या तांदळाची पेज खाऊन देवगडहून निघालो. दुपारनंतर वारा पाठीशी येतो, म्हणून दक्षिणेकडे जाणं सोपं. आचऱ्यापर्यंतचा पहिला दिवस इतका सुंदर गेला की तीन वर्षांची सगळी बोलणी मी मनातल्या मनात मागे घेतली.

घाई केली. दुसऱ्या दिवशी, मालवणचं बंदर समोर दिसत असताना, खाडकन आवाज झाला. इथे पाण्याखाली खडक फार आहेत, माहितगाराला विचारल्याशिवाय शिरू नये. आम्ही विचारलं नव्हतं. उजवं सुकाणू मधोमध तुटलं आणि मागची आडवी नळी होडीला धरणारा धातूचा पट्टा उकलला. दोन होड्या दोन दिशांना जायला बघत होत्या आणि मी मधल्या जाळीवर पालथी पडून आईच्या नावाने ओरडत होते.

एका मच्छीमार बोटीने दोरी टाकली. तिचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आमची होडी न्याहाळू लागला. मग म्हणाला, "अरे, ह्यो दोनय उलांडीच दिसतत! होडी खंय आसा?"

उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून तिच्या बाजूला बांधतात तो लाकडी ओंडका; म्हणजे हे दोन्ही नुसते आधारच, खरी होडी कुठे आहे? बोटीवर हशा पिकला. मलाही हसू आलं. सुधीर मात्र हसला नाही. किनाऱ्याला लागल्यावर त्याने मुंबईला फोन लावला. तो पट्टा परदेशातून येतो, तीन आठवडे लागतील, असं उत्तर मिळालं. "टेम्पो बोलाव," तो म्हणाला. "विकून टाकू. मला काही जमत नाही आता." हे 'काही' होडीपुरतं नव्हतं, हे मला कळलं आणि मी हादरले.

बंदराजवळ चारशे रुपयांत स्वच्छ खोली मिळते. सुधीरला तिथे झोपवून मी एकटीच होड्या बांधणाऱ्या बाबल मेस्त्रींकडे गेले. साठीचे, काटकुळे, तोंडात विडी. त्यांनी तुटलेलं सुकाणू उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "आता नाय. फाल्या बघया."

फळ्या बघूया! मी पुण्याची, काम म्हणजे काम. तडक रिक्षा केली, कट्टा गावाच्या रस्त्यावरच्या वखारीतून फणसाच्या दोन चांगल्या फळ्या घेतल्या आणि रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर काढून वाजतगाजत बाजारातून आणल्या. मासळीवाल्या बायका हात करत होत्या.

मेस्त्री बघतच राहिले. "गो बाय, फळयो कित्याक हाडलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, फळ्या बघूया!"

"फाल्या म्हणजे उद्या गो!" म्हातारा खोकेपर्यंत हसला. मग फळीवर नख ओढलं, वास घेतला. "पण लाकूड बरा आसा. ऱ्हवांदे. ह्याचाच सुकाणू करूया."

दुसऱ्या दिवशी सुकाणू तयार होत असताना मी सुधीरला जबरदस्तीने ओढून नेलं. पट्ट्याचं काय, हा प्रश्न होताच. मेस्त्री म्हणाले, पट्टा नको, सुंबाने बांध. काथ्याच्या दोरीने! इंजिनिअर साहेबांचं डोकं सणकलं. "जोड म्हणजे घट्ट हवा, हलता कामा नये!"

मेस्त्री वाद घालत बसले नाहीत. त्यांनी त्याला वाळूवरच्या एका जुन्या होडीपाशी नेलं. "ह्या उलांडीक एक तरी खिळो दाखय. दर्या हलता, मगे तिकाय हलूक व्हयी." सुधीरने दोन्ही हातांनी उलांडी गदागदा हलवली. ती कुरकुरली, वाकली, पुन्हा जागेवर आली. तो खाली बसला. सुंबाच्या गाठींवरून बोट फिरवत त्या कशा घातल्या आहेत ते बघू लागला. मग हळूच म्हणाला, "मेस्त्री, सुंब कुठे मिळेल?"

"मिळतला. पण बांधूचा तूच. होडी तुजी."

दीड दिवस तो ओल्या सुंबाशी झुंजला. चार वेळा मेस्त्रींनी सगळं सोडायला लावलं. हात सोलले, पण संध्याकाळी खानावळीत बांगड्याच्या तिखल्यावर त्याने चौथ्यांदा भात घेतला आणि मी सोलकढीच्या वाटीआड डोळे पुसले.

निघताना मेस्त्रींनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या दोन उलांड्यांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" किनाऱ्यावर जमलेले सगळे ओरडले.

"आणि वहिनीक जरा मालवणी समजांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सुधीरचा आवाज सगळ्यात मोठा होता. मेला.

निवतीच्या पुढे लाटा मोठ्या झाल्या. जोड कर्र कर्र वाजायचा आणि दर वेळी मी जाळी घट्ट धरायचे. सुधीर गाठीवर हात ठेवून म्हणायचा, "वाजू दे. वाजायलाच पाहिजे." चार वाजता वेंगुर्ल्याच्या वाळूला होडी लागली. मी उतरून वाळूतच फतकल मारली. सुटले एकदाची!

पुण्यात येऊन आठवडा झाला. मालवणचं काय उरलं म्हणाल तर फोटो थोडे आणि तेही हललेले. काल सकाळी उठले तर सुधीर जागेवर नाही.  दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावले. पार्किंगमध्ये होडी आडवी पडली होती. पुढच्या नळीचे चकचकीत पट्टे काढून त्याने एका ओळीत मांडले होते आणि आमच्या सत्तरीच्या वॉचमनकाकांना सुंबाचं एक टोक धरायला लावलं होतं.

"काका, घट्ट ओढा. नाही, चुकलं. सोडा सगळं. पुन्हा पहिल्यापासून," तो हसत म्हणाला.

मी तिथेच जिन्यात बसले आणि मनसोक्त रडले. मग वर जाऊन तिघांचे पोहे टाकले.