हिरव्या रंगाचा कागद

खिडकीतल्या बाईने दाखला दोनदा वाचला आणि माझ्या नातीकडे न बघता मला म्हणाली, "माँजी, लड़की तो बाहर की है."

मी म्हटलं, "जन्म इथलाच आहे. सर्टिफिकेट बघा."

"जन्म से नहीं होता. दसवीं, बारहवीं यहाँ की चाहिए. बाहर वालों की लिस्ट अलग है, उसमें इतने मार्क पे नंबर नहीं लगेगा."

तिने फाईल परत सरकवली आणि पुढच्याला बोलावलं. ते गुजरातमधलं सरकारी विद्यापीठ. नातीला तिथे कापडाची डिग्री करायची होती. माझा मुलगा लूमवर फिटर, मी जन्मभर मागासाठी सुताची कांडी भरली, म्हणून आम्हालाही ते पटलं होतं. शिवाय सरकारी, म्हणजे फी परवडणारी.

आधी तिला कल्याणच्या कॉलेजात जागा मिळाली होती. गुजरातच्या यादीत नाव आल्यावर कल्याणहून मूळ दाखला काढून आणला, कारण दाखल्याशिवाय गुजरातला कोणी उभं करत नाही. दाखला काढला की जागा गेली, आणि कल्याणची मुदतही संपली होती.

हे सगळं एका कागदावर विश्वास ठेवून केलं. भिवंडीत कल्याण रोडला एका ट्रान्सपोर्टच्या गाळ्यावर एक काउन्सिलर बसतो. परराज्यातल्या सरकारी कॉलेजांत कुठे किती चान्स आहे ते सांगण्याचे पैसे घेतो. कॉलेजांची नावं छापून त्यावर रंग मारून देतो. हिरवा म्हणजे पक्कं, पिवळा म्हणजे बघू, लाल म्हणजे नाद सोडा. या विद्यापीठाला त्याने आधी लाल मारला होता.

मग त्याने जन्म कुठला ते विचारलं. माझी सून गुजरातमधल्या उंबरगावकडची. पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्यात तसंच असतं. मी ते सांगितलं, आणि जरा तोऱ्यातच सांगितलं. तो खुर्चीत पुढे सरकला. "अहो आजी, मग ही तिकडचीच झाली की. तिकडच्या मुलांना कमी मार्क चालतात." आणि लालाचा हिरवा झाला.

नात म्हणाली, "सर, फॉर्ममध्ये शाळा कुठली ते विचारलंय."

तो हसला. "बेटा, रोज शंभर फॉर्म भरतो मी."

मी तिला कोपराने ढोसलं. "गप बस. मोठ्या माणसाला शिकवू नको."

त्याने तिचा फॉर्म तिकडचीच मुलगी म्हणून भरला.

परत आल्यावर मी कोन गावाहून रिक्षा करून थेट त्याच्याकडे गेले. नातही आली. त्याने आम्हाला चहा मागवला. मी म्हटलं, चहा नको, कागद बघ.

"आजी, चान्स म्हणजे चान्स. गॅरंटी कुठे दिली?"

"मग हिरवा का मारलास? लाल पेन संपलं होतं?"

बाहेर बसलेले दोन बाप हसले. त्याला ते लागलं. "जन्म तिकडचा हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी चौथी शिकलेली बाई. नियम वाचायचे पैसे तू घेतलेस. सुताचं बाचकं घेताना मीसुद्धा धागा ओढून बघते. तू काय ओढून बघितलंस?"

"पुढच्या वर्षी फुकट करून देतो," तो म्हणाला.

नात तेवढ्यात उठली. "नको. पुढच्या वर्षी मीच वाचीन," म्हणाली, आणि जिना उतरली.

त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि घालवायचाही नाही. पण त्या खोलीत फॉर्म नीट वाचलेली एकच होती आणि तिला गप्प मी केलं. यावर तिने मला आजवर एक शब्द ऐकवलेला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

काउन्सिलरचं ऑफिस चालू आहे. माझ्या कांड्याही चालू आहेत. तिच्या वर्गातल्या मुली कॉलेजला जातात आणि ती सकाळी दापोड्याच्या गोडाऊनमध्ये पार्सलांवर चिकटपट्ट्या लावायला जाते. वर्ष गेलं ते तिचं, आमच्या दोघांचं नाही.