सरोजाक्कांच्या दोन खुणा

हॉलमध्ये पाऊल टाकल्याबरोबर सरोजाक्का एक टाळी वाजवत. एकच, खणखणीत. मग मान तिरकी करून क्षणभर उभ्या राहत. नवख्या माणसाला वाटे, भजन सुरू झालं. तो बिचारा भक्तिभावाने दुसरी टाळी देई आणि अक्का त्याच्याकडे अशा बघत, की जन्मात त्याने पुन्हा टाळी वाजवू नये. अक्कांना देवाला हाक मारायची नसे. भिंतींवरून आवाज किती परत येतो, एवढंच त्यांना ऐकायचं असे.

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात त्यांचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं, आणि आमच्या विठ्ठल भजनी मंडळाचे माइक, मिक्सर, स्पीकर त्यांच्या ताब्यात होते. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. आधीच्या गृहस्थांना "तुम्हाला कान दिलेत ते चष्मा अडकवायला" असं तोंडावर सांगून त्यांनी ते घेतलं होतं. कौतुक नावाची वस्तू त्यांच्या दुकानात मिळत नसे. नव्या ब्लाउजमध्ये आरशासमोर खुशीने वळून बघणाऱ्या बाईला त्या म्हणत, "ब्लाउज बरोबर आहे. आता तू सरळ उभी राहायला शिक, अष्टे." अष्टे म्हणजे एवढंच; अक्कांच्या मराठीत असं कन्नड अधूनमधून येई.

मी विजयनगरात राहणारा, दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसणारा. मंडळाला तरुण रक्त हवं होतं. चाळिशीचा मी त्यांना त्यात चालून गेलो. आमच्या ऑफिसात गिटार वाजवणारे सहाजण आहेत आणि त्यातले पाचजण खरं म्हणजे पेडल वाजवतात. सहावा मी. मला तेही धड जमत नव्हतं. तरी मी एक डिजिटल रिव्हर्ब पेडल घेतलं. पायाशी ठेवायची, अर्ध्या विटेएवढी पेटी. गिटारचा सूर तिच्यातून गेला की घुमारा घेऊन बाहेर पडतो. वर चार नॉब. मिक्सने घुमारा किती मिसळायचा ते ठरतं, डिकेने तो किती वेळ रेंगाळणार ते, टोनने तो किती चकचकीत ते, आणि चौथ्याने जागा निवडायची: खोली, हॉल, नाहीतर थेट गुहा. मी सगळे नॉब होतील तेवढे उजवीकडे फिरवत असे. मला वाटे, आपण फार गहिरं वाजवतो.

हुणसूरला मंडळातल्या एकांच्या मुलीचं लग्न होतं. सकाळी मंटप, म्हणजे लग्नाचा हॉल, रिकामा होता. गुळगुळीत फरशी, टाइल्सच्या भिंती. मी पेडल हॉलवर ठेवून दोन ओळी वाजवल्या. तबल्यावर बसणारे राघवेंद्रराव कानात बोट घालून बघायला लागले. अक्का तरातरा आल्या.

"काय रे हे?"

"हॉल रिव्हर्ब, अक्का."

"हॉलात बसून हॉल लावतोस? पावसात उभं राहून अंगावर नळ सोडतात काय, कणो?" त्यांनी वाकून मिक्सचा नॉब शून्यावर नेला. "आता वाजव."

वाजवलं. नागव्याने चौकात उभं राहावं तसं वाटलं.

"सूर धरतच नाहीस तू. बोट ठेवतोस न ठेवतोस, पुढं पळतोस. आणि पळालेला दिसू नये म्हणून हा धूर."

मी शहाणपणा केला. "अक्का, शून्याला ड्राय म्हणतात. पूर्ण फिरवलं की वेट."

"मग? ओल्या कापडावर कातरी चालवतं काय कोण? एक वर्ष कोरडं वाजव. मग बघू."

बघू म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. एकादशीच्या भजनाआधी एखादा अभंग एकट्याने वाजवायला मिळावा, म्हणून मी कितीतरी दिवस त्यांच्या मागे लागलो होतो. त्यांचा मला भयंकर राग आला. आणि त्यांच्याच तोंडून एकदा "बरं" ऐकायला मिळावं म्हणून मी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी अर्धा तास कोरडं वाजवायला लागलो.

त्या वर्षात मी त्यांचं काम जवळून पाहिलं. टाळी वाजवून झाली की त्या विचारत, "किती जणं येणार?" मग टेलरच्या खडूने मिक्सरवर घुमाऱ्याच्या बटणाशेजारी दोन रेघा ओढत. एक रिकाम्या हॉलची, एक भरलेल्या. "माप मोकळ्या हॉलचं घेतो आपण, पण शिवायचं असतं भरल्या हॉलाला. कॉटन आवाज पितं, सिल्क परत टाकतं. दोनशे साड्या येऊन बसल्या की तुझा घुमारा गेला, गोत्ता?" मला गोत्ता नव्हतं. पेडलसोबतच्या पुस्तिकेत साड्यांबद्दल एक अक्षर नव्हतं.

दहाव्या महिन्यात त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं. मी गिटार आणि पेडल घेऊन घरी गेलो. त्या खाटेवर बसून एका ब्लाउजला हुक लावत होत्या. मी अख्खा अभंग कोरडा वाजवला. त्यांनी मान वर केली नाही. शेवटचा सूर विरेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "हं." मग पेडल मांडीवर घेतलं, मिक्सचा नॉब थोडा फिरवून एक रेघ ओढली, बऱ्याच पुढे दुसरी.

"ही रिकाम्या हॉलची. ही भरलेल्या. तुझं ऐकायला हॉल कधी भरणार ते विठोबालाच माहीत. पण खूण असू दे."

दहा महिन्यांचं हे बक्षीस! मी तोंड पाडून निघालो आणि पुन्हा गेलो नाही. महिन्याभरात अक्का गेल्या. मी गेलो नाही, याची लाज मला अजून वाटते.

त्यांच्या स्मरणाच्या भजनाआधी राघवेंद्ररावांचा फोन आला. "सुरुवात तू एकट्यानं करायची. अक्का सांगून गेल्यात, दुसरं कोण नाही गावलं तर त्याला वाजवू दे म्हणून."

मी लवकर जाऊन टाळी वाजवली. आवाज भिंतींवरून धडधडीत परत आला. निम्म्या मोहल्ल्याचा अक्कांनी अपमान केलेला; येणार कोण? मी नॉब पहिल्या खुणेवर ठेवला आणि सतार जुळवावी तशा गांभीर्याने तारा जुळवत खाली मान घालून बसलो. मान वर केली तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, खिडक्यांत बसल्या होत्या. अक्कांनी जिला सरळ उभं राहायला सांगितलं होतं तीही पुढे होती, आणि ताठ बसली होती. चष्मेवाले गृहस्थ पहिल्या रांगेत.

दोन ओळी वाजवल्या. सूर समोरच्या साड्यांतच मुरला. मी वाकलो आणि नॉब दुसऱ्या खुणेवर आणला. सूर पार शेवटच्या भिंतीपर्यंत गेला; केसभर जास्त नाही, कमी नाही. या वेळी मी एकही सूर सोडून पळालो नाही.

अक्कांचं माप बरोबर निघालं. हॉल भरला होता, आणि माझं ऐकायला त्यात एकही माणूस आलेला नव्हता.